दगडी दाराचं दुसरं कवाड

ओर्वासा गावात अम्मियाच्या घराचा रस्ता कोणी सांगत नसे. "ज्या उंबऱ्यापुढची जमीन ओली दिसेल, तेच," एवढंच सांगत. आणि ती जमीन खरोखर बारा महिने ओली असे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांवरचं पाणी तिथे ओतलं जायचं. थंडीत तिथे बर्फाचा गुळगुळीत पापुद्रा धरायचा आणि शेजारची किरिला दर हिवाळ्यात एकदा तरी त्यावरून आपटायची.

"अगं अम्मिया, तुझे संत येतात नि जातात, कंबर मोडते माझी!"

"मग आत ये. तुझेही पाय धुते."

"कंबर पायात नसते बाई."

अम्मिया या घरात सून म्हणून आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. सासरची माणसं ख्रिस्ताला मानणारी, हे तिला लग्न ठरल्यावर कळलं. त्याचा अर्थ काय, हे पहिल्या आठवड्यात. सासूने तिच्या हातात परात दिली आणि दारात आलेल्या एका खेचरवाल्याच्या पायांशी बसवलं. त्या पायांवर मैलोन्‌मैलांचा चिखल, फुटलेले फोड आणि असा वास, की अम्मियाला मळमळून आलं.

"ओक हवं तर," सासू म्हणाली, "पण पाणी सांडू नकोस."

सासूबाईंचा एक नेम होता. दारात माणूस आला की आधी पाय धुवायचे. मग वाढायचं. मग भिंतीकडेची पथारी अंथरायची. नाव विचारायचंच नाही. त्याला वाटलं तर तो सांगेल. "नाव विचारलंस की तू त्याला तोलायला लागलीस," सासू म्हणायची. "आणि तोलायला बसलीस, तर एक दिवस प्रभूलाच दारातून परत पाठवशील."

अम्मियाने तो नेम पंचेचाळीस वर्षं पाळला. दोन मुलं झाली. थोरला सहाव्या वर्षी तापाने गेला, धाकटा विसाव्या वर्षी. दोन्ही वेळा दहाव्या दिवशी ती परात घेऊन पुन्हा दारात बसली होती. हळूहळू तिला पाय वाचता यायला लागले. अक्षरओळख तिला नव्हती, पण टाच बघून ती सांगे: हा डोंगरातून आलाय, हा गाडीत बसून आलाय, याच्या वहाणा उसन्या आहेत.

"मी अक्षरं वाचतो, तू टाचा वाच," गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, दमास थट्टेने म्हणायचे. "दोघं मिळून ओर्वासा सांभाळू."

नवरा झोतिकस नांगऱ्या. स्वभावाने भित्रा, पण बायकोच्या पाहुण्यांपुढे कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याने आयुष्यात एकच हौस केली. जिवंतपणीच दोघांसाठी थडग्याचा दगड करवून घेतला. त्या मुलखात थडग्याचा दगड दारासारखा घडवत: दोन कवाडं, मध्ये कडी, कुलपाचं भोकसुद्धा. पाथरवट मानेस मूर्तीही घडवायचा आणि ख्रिस्ती लोकांचे दगडही. त्याला सगळे सारखेच. झोतिकसच्या कवाडावर त्याने नांगर आणि बैलजोडी काढली, अम्मियाच्या कवाडावर लोकर कातायची चाती आणि विंचरायचा कंगवा.

"खाली काय लिहू?" मानेसने विचारलं होतं.

"झोतिकस आणि अम्मिया यांनी जिवंतपणी आपल्यासाठी. आणखी कोणाला इथे ठेवील, त्याची गाठ देवाशी."

"कोणत्या देवाशी, ते लिहू? मागाहून गिऱ्हाइकं भांडतात."

"एकच आहे."

"बरं झालं. एक शब्द वाचला."

पुढे दोन वर्षांनी झोतिकस त्या दाराआड गेला. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती. अम्मियाची बोटं वाकडी झाली, लोकर कातताना धागा तुटायला लागला. साठ पुरी झाली आणि गावात तिच्यापुढे एकच जागा उरली. मंडळीच्या बैठकीत पुढच्या बाजूला विधवांचा बाक असे. त्या बाकावर जी बसे, तिला मंडळीच्या अर्पणातून भाकर, तेल, हिवाळ्यात सरपण. ती सगळ्यांसाठी प्रार्थना करे आणि आजारी पडली तर कोणीतरी तिच्या उशाशी बसे. मुलं नसलेल्या बाईला एवढं फार होतं. पण बाकावर बसण्याआधी सगळ्यांसमोर तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत: मुलं वाढवलीस? संतांचे पाय धुतलेस? परका आला, त्याला घरात घेतलंस?

"तुझ्यासाठीच घातल्यासारखे प्रश्न आहेत हे," किरिला म्हणायची. "झोपेतसुद्धा उत्तरं देशील."

मग त्या वर्षीच्या पिकाच्या दिवसांत हर्मोगास आला. उंच, दाढी विंचरलेली, आवाज असा, की ऐकताना अंगावर काटा यावा. दारात उभा राहून म्हणाला, "अपामेया शहरात ऐकलं, दुसरं कोणी काही म्हणो, ओर्वासात अम्मियाचं दार बंद नसतं." अम्मियाने परात आणली. पाय धुताना तिच्या लक्षात आलं होतं, टाच लोण्यासारखी मऊ आहे. पण नेमाप्रमाणे ती काही बोलली नाही.

पहिल्या दिवशी मसुराची आमटी पाहून त्याने डोळे मिटले. "पवित्र आत्मा मला सांगतो, या घरात कोकरू शिजणार आहे."

"आत्म्याला म्हणावं, कोकरू शेजारच्या घरी आहे," अम्मिया म्हणाली खरी. पण किरिलाकडून कोकरू आणलंच. तो अकरा दिवस राहिला. रोज आत्म्याला काही ना काही हवंच असे. बाराव्या दिवशी उजाडायच्या आत तो गेला आणि जाताना झोतिकसचा जाड झगा आणि मंडळीच्या विधवांसाठी तिच्या घरी साठवलेल्या धान्याचं पोतं घेऊन गेला.

सगळा गाव हसला. विहिरीवर बायका विचारायच्या, "अम्मिया, आज आत्म्याचं काय मागणं?" दमास मात्र हसले नाहीत. ते वाईट नव्हते. त्या हिवाळ्यात बाकावरच्या चार बायकांना काय वाढायचं, ही काळजी त्यांच्या डोक्यावर होती. त्यांनी भर बैठकीत नियम सांगितला. परका माणूस आला तर त्याच्या मंडळीचं पत्र बघायचं. पत्र असेल तर दोन रात्री. तिसरी मागितली तर तो भोंदू. आणि पत्रच नसेल तर पथारी नाही.

"अम्मिया, विशेषतः तू. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"पाय नंतर, पत्र आधी."

अम्मियाने मान खाली घातली. सासूने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती, हे मनात आलं, आणि तिने ते मनातून काढून टाकलं.

हिवाळा लागला. एका दुपारी दमास स्वतः तिच्या घरी आले, म्हणाले, "येत्या प्रभूच्या दिवशी, बैठकीत, तुला बाकावर घेऊ. सगळ्यांना विचारलंय. थोडी कुरकुर आहे, हर्मोगासमुळे. पण मी सांभाळून घेतलं. फक्त चार दिवस काही वेडेपणा करू नकोस."

"या वयात काय वेडेपणा करणार, वडील?"

"तू? तुझा भरवसा नाही," असं म्हणून ते हसले आणि उंबऱ्यापुढचा बर्फ चुकवत गेले.

त्याच दिवशी, सूर्य डोंगराआड जायला अजून वेळ होता, तोच हिम पडायला लागलं आणि दारावर थाप पडली.

"कोण आहे?" अम्मियाने विचारलं. दार न उघडता हा प्रश्न तिने आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता.

"शांती असो. अम्मियाचं घर हेच ना? पुढे बर्फाचा पापुद्रा बघून आलो."

तिने वीतभर दार उघडलं. तिशीतला माणूस, ओठ निळे, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"पत्र?"

"आहे. म्हणजे... होतं." त्याने छातीशी धरलेली घडी काढून उलगडली. पान कोरं होतं, राखाडी. "नदीच्या उतारात पाय घसरला. काजळीची शाई. वाहून गेली सगळी."

"वडिलांकडे जा. दमास. पुलापलीकडे."

"तिथूनच येतोय. ते म्हणाले, कोरं पान कोणीही आणील. खरं आहे म्हणा. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो." तो हसला, दात वाजत होते. "पण अपामेयात आमच्या मंडळीच्या वडिलांनी सांगून ठेवलंय मावशी. दुसरं कोणी काही म्हणो, ओर्वासात अम्मियाचं दार बंद नसतं."

तेच शब्द. अगदी तेच, आणि त्याच जागी उभं राहून. अम्मियाचा हात कडीवर घट्ट झाला.

"पुढे सराई आहे. दोन मैलांवर."

"मावशी, पथारी नको मला. पाय तेवढे शेकू दे. मग जातो."

तिने खाली पाहिलं. चिंध्यांतून टाच दिसत होती. फुटलेली, कडेला काळी पडलेली, चार डोंगर चालून आलेली टाच. असली टाच उसनी आणता येत नाही. अम्मियाला ती एका क्षणात वाचता आली, जशी दमासांना पत्रं वाचता येत.

आणि तिला बाक दिसला. चार दिवस.

ती आत गेली, भाकरीचा अर्धा तुकडा आणून फटीतून पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी घेतला.

"निकोन," तो म्हणाला. "नाव. तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो."

तिने दार लावलं. तो बराच वेळ पायरीवर बसून होता. कवाडाला पाठ टेकल्याचा आवाज तिने ऐकला. पलीकडे तो, अलीकडे ती, मध्ये बोटभर लाकूड. मग तो उठला. बर्फ करकरला, आणि ती करकर डावीकडे गेली. सराई उजवीकडे होती. डावीकडे मानेसची दगडाची खाण.

"तिकडे नको," हे शब्द तिच्या गळ्याशी आले. फाट्यावर कळेल त्याला, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि चुलीपुढे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानेस आला. त्याचं गाढव बाहेर उभं होतं.

"म्हातारे, तुझा एक संत माझ्या खाणीत बसलाय."

"बसलाय?"

"बसलाय. उठत नाही."

अम्मियाने गाढवाकडे पाहिलं. त्याची पाठ रिकामी होती.

"माझा कशावरून?"

"भाकरीवरून. एवढी वाकडी बोटं गावात दुसऱ्या कोणाची उमटतात? थोडी खाल्लीय. थोडी राखून ठेवलीय. उद्यासाठी असेल." मानेसचा चेहरा नेहमीसारखा हसरा नव्हता. "माझ्या छपरात ठेवलाय. थंडी आहे, टिकेल. आणि हे त्याच्या छातीशी होतं."

तेच पान. अम्मिया म्हणाली, "कोरं आहे ते."

"शाई गेली म्हणून अक्षर जातं का? अगं, मी शाईवर जगत नाही. बोरूचा ओरखडा राहतो." त्याने तिला अंगणात नेलं, पान सकाळच्या उन्हात तिरकं धरलं, डोळा बारीक केला. "हे बघ. 'बंधू निकोन.' पुढचं लागत नाही. इथे 'शांतीने'... आणि खाली, हे 'अम्मिया.'"

"माझं नाव कशाला असेल त्यात?"

"ते मला काय विचारतेस? विचारायला हवं होतंस त्याला."

अम्मिया तशीच पान घेऊन पुलापलीकडे गेली. दमासांना कळलेलं होतं. ते चुलीशी बसले होते आणि रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"वडील, तो बंधू होता. आपल्या दफनभूमीत जागा द्या त्याला."

"पत्र नव्हतं."

"हे आहे. मानेसने वाचलं."

"मूर्ती घडवणाऱ्याची साक्ष? मंडळीत?"

"मग तुम्ही वाचा. तिरकं धरा."

दमासांनी पान घेतलं, डोळ्यांसमोर सरळ धरलं, आणि परत दिलं. "मी पत्रं सरळच वाचतो, अम्मिया."

मग दमास हलक्या आवाजात म्हणाले, "बस. नीट ऐक. तो भोंदू असेल, तर तू नियम पाळलास, मीही पाळला, कोणाचं काही चुकलं नाही. प्रभूच्या दिवशी तिसऱ्या प्रश्नाला तू हो म्हणशील आणि बाकावर बसशील. आणि तो बंधू असेल, तर आपण दोघांनी एका बंधूला दारातून हाकललं. मग कोणत्या तोंडाने मी प्रश्न विचारू, आणि कोणत्या तोंडाने तू उत्तर देशील? कोरं पान आहे ते. कोरंच राहू दे."

"त्याची टाच मी पाहिली होती."

"काय?"

"वडील, तुम्ही पान पाहिलंत. तुम्हाला कळायला मार्ग नव्हता. मी टाच पाहिली. मला कळलं होतं."

दमासांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पेटत्या चुलीत पाणी ओतलं होतं. "हे मला कशाला सांगितलंस?" ते म्हणाले. "घरी जा."

प्रभूच्या दिवशी सगळे जमले. बाकावर चार बायका बसल्या होत्या, पाचवीसाठी जागा सोडली होती, कोणीतरी त्यावर मेंढीचं कातडंही घातलं होतं. किरिलाने अम्मियाला ढोसलं, "पटापट उत्तरं दे, थंडी आहे."

"मुलं वाढवलीस?"

"दोन वाढवली. दोन्ही पुरली."

"संतांचे पाय धुतलेस?"

"धुतले."

"परका आला, त्याला घरात घेतलंस?" दमासांचा आवाज जरा घाईचा झाला.

अम्मियाने मेंढीच्या कातड्याकडे पाहिलं. मऊ होतं. "एकाला नाही घेतलं."

"तो परका भोंदू होता."

"बंधू होता. नाव निकोन. मला माहीत होतं, आणि मी दार लावलं. या जागेसाठी लावलं."

कोणी खोकलं. किरिला पुटपुटली, "अगं बाई, काय करतेस?" अम्मिया वाट बघत राहिली. तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर काहीतरी होईल. आत कुठेतरी हलकं वाटेल, किंवा कोणीतरी उठून म्हणेल, चला, त्याला आणू या. पंचेचाळीस वर्षं ती ज्याच्याशी बोलत आली होती, तो तरी काही बोलेल. काहीच झालं नाही. दमास जमिनीकडे बघत म्हणाले, "मागे जाऊन बस." आणि ती मागे जाऊन बसली. दफनभूमीचा विषय निघालाच नाही. कातडं घातलेली जागा तशीच मोकळी राहिली.

बैठक सुटल्यावर ती घरी आली, पाणी तापवलं, परात आणि मडकं घेऊन मानेसच्या छपरात गेली. निकोन गुडघे छातीशी घेऊन तसाच होता. तिने चिंध्या सोडवल्या. आधी उजवा, मग डावा. पाणी अंगाला लागताच गार पडत होतं. ती पुन्हा ओतत होती, पुन्हा चोळत होती, जणू ऊब यायचीच आहे. मडकं रिकामं झालं. पाय होते तसेच राहिले.

"झालं?" मानेस म्हणाला. "आता कुठे न्यायचा याला? खाणीच्या कडेला खड्डा करतो मी."

"नाही. माझ्या जागेत."

"कुठल्या?"

"झोतिकसशेजारी. दुसऱ्या कवाडाआड."

मानेसने पहार खाली ठेवली. "म्हातारे, ते एकाच्याच मापाचं आहे. मग तू कुठे जाणार?"

"मला नकोय."

"आणि दगडावर काय लिहिलंय, ते आठवतं ना? मीच खोदलंय. आणखी कोणाला इथे ठेवील, त्याची गाठ देवाशी. तुझ्या नवऱ्याचे शब्द आहेत. मी तुमच्या देवाला मानत नाही, पण लिहिलेलं मानतो."

अम्मियाने गाढवाचा दोर हातात घेतला. "कधी पडेल गाठ, ते लिहिलंय?"

"नाही."

"मग चल."

दगड सरकवायला त्यांना संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला. गावातून कोणी आलं नाही; किरिला लांब कुंपणाशी उभी राहिली, आणि मग तीही गेली. प्रार्थना म्हणायची वेळ आली तेव्हा अम्मियाला शब्द आठवेनात. हजार वेळा म्हटलेले शब्द. ती तोंड उघडून उभी राहिली. शेवटी मानेसनेच विचारलं, "लावू?" आणि तिने मान हलवली. चाती आणि कंगवा कोरलेलं कवाड एका परक्यावर लागलं.

त्यानंतर ती दोन हिवाळे जगली. मंडळीत मागे बसे. कोणी वाईट बोललं नाही, कोणी फारसं बोललंच नाही. दमासांनी पाहुण्यांची सोय किरिलाकडे लावून दिली. अम्मियाने कडी काढून टाकली. दार सताड उघडं ठेवून ती चुलीशी बसायची, पाणी तापत ठेवायची, निवलं की पुन्हा तापवायची. उंबऱ्यापुढची जमीन वाळली. त्या दोन्ही हिवाळ्यांत किरिला एकदाही पडली नाही. रात्री प्रार्थनेला बसली की अम्मियाच्या ओठांवर एवढंच येई: गाठ पडू दे. ती विनवणी होती की धास्ती, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं; आणि पलीकडून कसला आवाजही नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात, हिम पडत असताना, एक तरुण वाटसरू तिच्या दाराशी थांबला. अम्मिया धडपडत उठली, परातीकडे तिचा हात गेला.

"किरिलाचं घर हेच का?" त्याने विचारलं. छातीशी कोरडं, मोहर लावलेलं पत्र धरलेलं होतं.

तिने हात मागे घेतला. "पुढचं. कुंपणाच्या अलीकडचं."

"बरं." तो निघाला, दोन पावलांवर थांबला, आणि चांगल्या घरच्या मुलासारखा मागे वळून म्हणाला, "आजी, दार लावून घ्या. गारठा आत येतोय."